नेतृत्वशैली आणि नगरप्रशासनातील कर्मचाऱ्यांची कार्यक्षमता : गुलमंडीच्या संदर्भात औरंगाबाद शहराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नगरप्रशासनाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा राज्यकर्त्यांची नावे, कायद्यांची वर्षे आणि हद्दवाढीचे आकडे यांपाशी थांबतो. ज्यांच्या हातून रस्ता झाडला जातो, नळाला पाणी सोडले जाते, घरपट्टीचे देयक दारात येते, त्या माणसांच्या कामाचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांनी नेतृत्वशैली आणि कर्मचाऱ्यांची कार्यक्षमता यांच्या संबंधाचा विचार विपुल केला आहे. परंतु तो बहुतांशी कारखाने, बँका आणि खाजगी कंपन्या यांच्या आधारे झालेला आहे. तेथे नेता आणि कर्मचारी दोघेही एकाच संस्थेत दीर्घकाळ असतात, असे गृहीत धरलेले असते. आपल्याकडील स्थानिक स्वराज्य संस्थांत हे गृहीतक लागू पडत नाही. येथे प्रमुख अधिकारी बदलीवर येतो व बदलीवर जातो. कर्मचारी मात्र निवृत्त होईपर्यंत त्याच शहरात, पुष्कळदा त्याच वॉर्डात असतो. या विसंगतीचा कामावर काय परिणाम होतो, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय आहे.

अभ्यासासाठी औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) हे शहर आणि त्यातही गुलमंडी हा परिसर निवडला आहे. गुल म्हणजे फूल आणि मंडी म्हणजे बाजार. नावातच त्याचे मूळ आहे. जुन्या तटबंदीच्या आत, पैठण गेटकडून सिटी चौकाकडे जाताना लागणारा हा चौक आजही शहराची मुख्य बाजारपेठ आहे. सुपारी हनुमानाचे मंदिर, कापडाची व सराफीची दुकाने, लगतचे औरंगपुरा आणि मछली खडक हे भाग, सणासुदीची गर्दी आणि वर्षभर न सुटणारा वाहनतळाचा प्रश्न, असे त्याचे स्वरूप आहे. शहराच्या राजकारणाचा तो आखाडाही राहिला आहे. प्रशासनाचा कोणताही निर्णय, मग तो रस्त्याचा असो, कराचा असो वा कचऱ्याचा, गुलमंडीत लगेच जाणवतो. म्हणून मोजपट्टी म्हणून हा चौक सोयीचा आहे.

सैद्धांतिक आधार

नेतृत्वशैलींच्या वर्गीकरणांची यादी देण्याचा येथे हेतू नाही. मॅक्स वेबर याने अधिसत्तेचे पारंपरिक, दिव्यवलयी आणि वैधानिक असे जे तीन प्रकार सांगितले ते सर्वपरिचित आहेत. जेम्स मॅकग्रेगर बर्न्स याने १९७८ मध्ये मांडलेला व्यवहारलक्ष्यी आणि परिवर्तनलक्ष्यी नेतृत्वाचा भेदही आता पाठ्यपुस्तकांत स्थिरावला आहे. प्रस्तुत विषयाला अधिक उपयुक्त आहे तो कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांचा १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. अमेरिकेतील आयोवा येथे दहा वर्षे वयाच्या मुलांची मंडळे करून त्यांना मुखवटे तयार करण्यासारखी कामे देण्यात आली आणि निरनिराळ्या पद्धतींनी वागणारे प्रौढ नेते त्यांच्यावर नेमण्यात आले. एकाधिकारी नेत्याच्या हाताखाली काम कमी झाले नाही. पण नेता खोलीबाहेर जाताच ते मंदावले. लोकशाही पद्धतीने वागणाऱ्या नेत्याच्या मंडळात तो बाहेर गेल्यानंतरही काम चालू राहिले.

या प्रयोगातील 'नेता खोलीबाहेर जाणे' ही घटना आपल्या नगरप्रशासनात दर दोन-तीन वर्षांनी नियमाने घडते. तिला आपण बदली म्हणतो. तेव्हा एखाद्या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत किती काम झाले, यापेक्षा तो गेल्यानंतर त्यातले किती उरले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयास हवा.

दुसरा आधार मायकेल लिप्स्की याचा आहे. १९८० मध्ये त्याने असे दाखविले की, शासनाचे धोरण नागरिकापर्यंत पोहोचते ते कागदावरील शब्दांतून नव्हे, तर शिपाई, शिक्षक, निरीक्षक अशा अगदी शेवटच्या पायरीवरील कर्मचाऱ्याच्या दैनंदिन निर्णयांतून. औरंगाबादेत ज्याने कधी पाण्याची वाट पाहिली आहे, त्याला हे सांगण्यास परदेशी ग्रंथकाराची गरज नाही. कोणत्या गल्लीची व्हॉल्व्ह किती वाजता व किती वेळ उघडायची हे प्रत्यक्षात लाईनमन ठरवितो.

मलिक अंबर आणि मोजणीची साखळी

खडकी हे गाव मलिक अंबराने १६१० मध्ये राजधानी म्हणून वसविले. मोगलांनी १६१६ मध्ये ते उद्ध्वस्त केल्यानंतरही त्याने ते पुन्हा उभे केले आणि उत्तरेकडील डोंगराळ भागातून भूमिगत मार्गाने पाणी आणणारी नहर बांधली. नहर-ए-अंबरी या नावाने ती ओळखली जाते. पुढे मोगल काळात तिच्या जोडीला इतर नहरी झाल्या. जमिनीखालचा उतार, ठरावीक अंतरावरील उच्छ्वास आणि गाळ काढण्याची सोय यांवर अवलंबून असलेली ही व्यवस्था एकदा बांधून संपणारी नव्हती. तिला सतत राबणारे, उतार व गाळ यांची समज असलेले हात लागत. ती बांधविणाऱ्याच्या मृत्यूनंतर (१६२६) शतकानुशतके तिचे पाणी शहराला मिळत राहिले, याचा अर्थ ते कौशल्य नेत्याच्या व्यक्तित्वात अडकून न राहता कारागिरांत उतरले होते. मलिकंबरी धाऱ्याची कीर्ती महाराष्ट्राच्या महसुली इतिहासात आहेच. नगरप्रशासनाच्या दृष्टीने मात्र नहरीचा दाखला अधिक बोलका वाटतो.

औरंगजेब दुसऱ्यांदा दक्षिणेचा सुभेदार म्हणून आला तेव्हा, म्हणजे १६५३ च्या सुमारास, दक्षिणेची स्थिती बिकट होती. शेती ओस पडली होती, वसूल घटला होता, अंमलदार नोंदी मनास येतील तशा ठेवीत होते. या वेळी खुरासानातून हिंदुस्थानात आलेला मुर्शिद कुली खान हा दिवाण म्हणून नेमला गेला; प्रथम बालाघाट विभागाचा आणि १६५६ पासून संपूर्ण दक्षिणेचा. (बंगालचा प्रसिद्ध नवाब मुर्शिद कुली खान तो निराळा. दोघांच्या नावांचा घोटाळा चांगल्या पुस्तकांतूनही झालेला दिसतो.) त्याने जमिनीची मोजणी करविली, पिकाच्या प्रकारानुसार व पाण्याच्या सोयीनुसार सरकारी हिस्सा वेगवेगळा ठरविला, जिराईत धान्याला एक दर तर बागाईत धान्याला दुसरा असा भेद केला, बैलबारदाना व बियाणे यांसाठी तगाई दिली आणि ती हंगामानुसार हप्त्यांनी परत घेतली. ओस गावांना मुकादम नेमून दिले. जेथे नांगरामागे ठोक आकार घेण्याची जुनी रीत चालत होती तेथे ती चालू दिली. सगळीकडे एकच नियम लादण्याचा अट्टहास त्याने धरला नाही.

जदुनाथ सरकारांनी जुन्या फारसी साधनांच्या आधारे त्याच्याविषयी एक गोष्ट सांगितली आहे. मोजणी चुकीची होऊ नये म्हणून हा दिवाण पुष्कळदा स्वतः मोजणीच्या साखळीचे एक टोक हातात धरीत असे. या प्रसंगाकडे बहुधा प्रामाणिकपणाची कहाणी म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यात अधिक काही आहे. साखळीचे एक टोक दिवाणाच्या हाती असले म्हणजे दुसरे टोक धरणाऱ्या मोजणीदाराला दोन गोष्टी कळतात. पहिली, चोरी केल्यास ती जागीच पकडली जाईल. दुसरी, हे काम हलके नाही. दिवाणाने करावे अशा प्रतिष्ठेचे आहे. पहिल्या गोष्टीत धाक आहे आणि दुसरीत मान. नुसता धाक असता तर दिवाण जेथे जाऊ शकत नव्हता त्या शेकडो गावांत मोजणी बिघडली असती. एक माणूस सगळ्या दक्षिणेत साखळी धरू शकत नाही. त्याच्या पद्धतीचा टिकाव लागला तो ठरवून दिलेल्या दरांमुळे, मोजणीच्या नोंदींमुळे आणि तिच्यासाठी नेमलेल्या अमिनांमुळे. मुर्शिद कुली खान १६५८ मध्ये धर्मातच्या लढाईत मारला गेला. त्याचा धारा मात्र दक्षिणेत स्मरणात राहिला.

मोगल शहरातील दैनंदिन व्यवस्था कोतवालाकडे असे. घरांची नोंदवही ठेवणे, प्रत्येक मोहल्ल्याला एक प्रमुख नेमणे, बाजारातील वजनमापांवर लक्ष ठेवणे ही त्याची कामे आईन-ए-अकबरीत वर्णिली आहेत. 'बावन्न पुरे, बावन्न दरवाजे' अशी ज्याची ख्याती झाली त्या औरंगाबादेत पुरा हाच प्रशासनाचा स्वाभाविक घटक होता. आजच्या वॉर्ड कार्यालयाच्या कल्पनेचे बीज तेथे दिसते.

निजामी राजवट : मक्त्याकडून पगाराकडे

आसफजाही काळातील एका बदलाचा उल्लेख आवश्यक आहे. पहिले सालारजंग १८५३ मध्ये हैदराबादचे दिवाण झाले. तोपर्यंत महसूल मोठ्या प्रमाणावर मक्त्याने दिला जात असे. मक्तेदाराच्या माणसाला पगार नसून वसुलातील वाटा असे. त्यामुळे त्याच्या 'कार्यक्षमतेचा' अर्थ रयतेकडून अधिक उकळणे एवढाच उरे. सालारजंगांनी १८६५ मध्ये जिल्हाव्यवस्था आणली. अव्वल तालुकदार, दुय्यम तालुकदार, तहसीलदार अशी पगारी अधिकाऱ्यांची उतरंड निर्माण झाली. कर्मचाऱ्याचे हित आणि नागरिकाचे नुकसान यांची गाठ सोडविण्याचा हा प्रयत्न होता. त्यात सालारजंगांचे वैयक्तिक गुण होतेच, परंतु बदल रुजला तो पगारपत्रकामुळे.

औरंगाबादची नगरपालिका १९३६ मध्ये स्थापन झाली. तिचे क्षेत्र सुमारे ५४.५ चौरस किलोमीटर होते. दफ्तराची भाषा उर्दू होती. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. या बारा वर्षांत येथील कारकुनाने तीन राज्यांचे नियम पाहिले आणि दफ्तराची भाषा बदलताना पाहिली. जुन्या मिसली उर्दूत, नवे आदेश इंग्रजीत वा मराठीत, अशा स्थितीत ज्याला दोन्ही वाचता येत तो कनिष्ठ कर्मचारी प्रत्यक्षात वरिष्ठाहून प्रभावी ठरे. मराठवाड्यातील सरकारी कार्यालयांत 'जुन्या माणसाला विचारा' हा जो रिवाज पडला, त्याचे एक मूळ या भाषांतरात शोधता येईल. एखाद्याची माहिती हीच त्याची सत्ता होऊन बसते, तेव्हा नवा प्रमुख कोणत्याही शैलीचा असला तरी त्याला तिच्याशी जुळवून घ्यावे लागते.

नगरपालिकेची महानगरपालिका

८ डिसेंबर १९८२ रोजी औरंगाबाद महानगरपालिका अस्तित्वात आली. भोवतालची अठरा गावे समाविष्ट होऊन क्षेत्र १३८.५ चौरस किलोमीटर झाले. एका रात्रीत क्षेत्र अडीचपट झाले; कर्मचाऱ्यांची मानसिकता एका रात्रीत बदलणे शक्य नव्हते. कालपर्यंत ग्रामपंचायतीचा असलेला कर्मचारी आज महानगरपालिकेचा झाला. औद्योगिक वसाहतींमुळे लोकसंख्या वाढत होती. २००१ मध्ये ती पावणेनऊ लाखांच्या जवळ आणि २०११ मध्ये ११,७५,११६ झाली.

कायदाही बदलला. १९६५ च्या नगरपालिका अधिनियमाखाली नगराध्यक्ष हा कारभाराचा दृश्य प्रमुख असे व मुख्याधिकारी त्याच्याशी जुळवून घेत असे. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाने कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे दिले. महापौर हा प्रथम नागरिक. पण कर्मचाऱ्यावर दैनंदिन हुकमत आयुक्तांची. आयुक्त राज्य शासनाचा अधिकारी, शासनाने नेमलेला आणि शासनाने परत बोलाविलेला. नगरसेवक लोकांना उत्तरदायी, आयुक्त शासनाला उत्तरदायी आणि सफाई कामगार या दोघांच्याही हाताखाली. एका कर्मचाऱ्याचे दोन धनी असले की तो दोघांपासूनही सुटण्याची कला शिकतो. आयुक्तांनी एका निरीक्षकाची बदली करावी आणि नगरसेवकांच्या शिष्टमंडळाने ती थांबविण्यासाठी जावे, हे दृश्य महाराष्ट्रातील कोणत्याही महानगरपालिकेत अपरिचित नाही.

येथे एक बाब नोंदविली पाहिजे. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली तरी पहिली निवडणूक १९८८ मध्ये झाली. म्हणजे संस्थेच्या आरंभीच्या सहा वर्षांत निर्वाचित सभागृहच नव्हते. कारभार प्रशासकाकडे होता. ज्या काळात कोणत्याही संस्थेच्या कामाच्या सवयी घडतात, नेमका त्या काळात येथील कर्मचाऱ्याने एकाच दिशेने, म्हणजे वर पाहण्याची सवय लावून घेतली. त्यानंतर अचानक सभागृह आले, तेही तीव्र राजकीय स्पर्धेचे.

आक्रमक नेतृत्वाचे मूल्यमापन

महाराष्ट्रात नव्वदच्या दशकापासून 'धडाकेबाज आयुक्त' हा एक लोकप्रिय आदर्श निर्माण झाला. टी. चंद्रशेखर यांनी ठाणे आणि त्यानंतर नागपूर येथे रस्ते रुंद केले आणि त्यांचे नाव त्या कामाशी कायमचे जोडले गेले. औरंगाबादेत डॉ. पुरुषोत्तम भापकर आयुक्त असताना, २०११ च्या सुमारास, जुन्या शहरातील रस्ते रुंदीकरणाची मोठी मोहीम झाली. वर्षानुवर्षे विकास आराखड्यात नुसत्या रेषा म्हणून असलेले रस्ते प्रत्यक्षात मोकळे होताना नागरिकांनी पाहिले. ज्या नगररचना व अतिक्रमण विभागांविषयी 'येथे काही हलत नाही' असा समज होता, तेच कर्मचारी या काळात रात्रंदिवस काम करताना दिसले. हा बदल कमी लेखण्याचे कारण नाही. कर्मचारी मुळातच निष्क्रिय असतो, या प्रचलित समजुतीला त्याने उत्तर दिले.

परंतु पाडापाडीनंतरची कामे, म्हणजे विजेचे खांब हलविणे, जलवाहिन्या सरकविणे, गटार व डांबरीकरण, अनेक ठिकाणी दीर्घकाळ रेंगाळली. भिंत पाडायला एक निर्णय व एक यंत्र पुरते. रस्ता पूर्ण करायला पाच विभागांतील पन्नास माणसांनी एकमेकांशी बोलावे लागते, आणि ते बोलणे घडवून आणणारी व्यवस्था एका अधिकाऱ्याच्या उपस्थितीवर अवलंबून असली तर त्याच्या बदलीबरोबर ती थांबते. गुलमंडीसारख्या बाजारपेठेत, जेथे दुकानाचा समोरचा तीन फुटांचा भाग म्हणजे कुटुंबाची मिळकत असते, तेथे अर्धवट रस्त्याची किंमत व्यापाऱ्याने मोजली आणि त्याचा राग मात्र आयुक्तांवर नव्हे, तर रोज समोर दिसणाऱ्या वॉर्ड अभियंत्यावर निघाला. लेविन-लिपिट-व्हाइट यांच्या प्रयोगाचा हा नागरी प्रतिध्वनी म्हणता येईल.

कचराकोंडी, २०१८

या शहराच्या प्रशासकीय इतिहासातील सर्वात कठीण परीक्षा फेब्रुवारी २०१८ मध्ये आली. नारेगाव येथे तीन दशकांहून अधिक काळ शहराचा कचरा प्रक्रियेविना टाकला जात होता. नारेगाव, मांडकी परिसरातील ग्रामस्थांनी १६ फेब्रुवारीपासून कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. दररोज निघणारा चारशे टनांहून अधिक कचरा कोठे न्यावा हे कोणालाच ठाऊक नव्हते. पर्यायी जागेसाठी गाड्या पडेगाव-मिटमिटा भागात नेल्या असता ७ मार्च रोजी तेथे हिंसाचार झाला. दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नारेगावात कचरा टाकण्यास मनाई केली. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठविण्यात आले आणि महापालिका आयुक्तांची बदली करण्यात आली. महापालिकेचा कार्यभार जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला आणि मे महिन्यात निपुण विनायक आयुक्त म्हणून रुजू झाले.

घटनाक्रमाकडे पाहता हा नेतृत्वाच्या अपयशाचा प्रसंग वाटतो आणि त्या वेळी त्याची मांडणी तशीच झाली. कालपट थोडा मागे नेला की चित्र बदलते. नागरी घनकचऱ्यासंबंधीचे केंद्र शासनाचे नियम २००० मध्ये आले होते आणि प्रक्रिया केंद्रे उभारण्यास २००३ अखेरची मुदत होती. म्हणजे कोंडी झाली तेव्हा मुदत उलटून चौदा वर्षे झाली होती. या चौदा वर्षांत कितीतरी आयुक्त आले. कोणी शिस्तप्रिय, कोणी मवाळ, कोणी लोकप्रिय. त्यांपैकी कोणाच्याही कार्यसूचीत नारेगावचा डोंगर पहिल्या क्रमांकावर आला नाही, कारण तीन वर्षांच्या मुदतीत ज्याचे उद्घाटन होणार नाही असे ते काम होते. कोंडी झाली त्या वेळी जो खुर्चीवर होता, त्याला पद सोडावे लागले. आयुक्त तेवढ्याने बदलले. कचरा जागेवरच होता.

आणि कर्मचारी? ओला व सुका कचरा वेगळा न करता गोळा करण्याची पद्धत ज्यांना वर्षानुवर्षे घालून दिली होती, त्याच सफाई कामगारांकडून आता रस्त्यावर साचलेला, कुजलेला कचरा हाताने वेगळा करून घेण्यात आला. वॉर्डावॉर्डांत कंपोस्टचे खड्डे झाले. संतप्त नागरिक बोलत होते ते त्यांच्याशी. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसाहक्काने कायम झालेला कामगार, दैनिक वेतनावरचा कामगार आणि कंत्राटदाराचा कामगार हे तिघे एकाच ढिगाऱ्यासमोर उभे होते. तिघांचे काम एक, वेतन तीन प्रकारचे. अशा स्थितीत 'कार्यक्षमता' हा शब्द एकाच अर्थाने तिघांना लावणे न्याय्य नाही. नेतृत्वशैलीवरील शोधनिबंधांत प्रश्नावली भरून घेतली जाते ती कार्यालयात बसणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून. कचऱ्याच्या गाडीवरचा कंत्राटी मजूर त्या नमुन्यात नसतो. म्हणून त्या निबंधांचे आकडे कितीही नेटके असले तरी नगरसंस्थेच्या खऱ्या कामाबद्दल ते फारसे सांगत नाहीत, असे खेदाने म्हणावे लागते.

त्या संकटाच्या काळातच काही गोष्टी शिकल्याही गेल्या. चिकलठाणा, पडेगाव, कांचनवाडी, हर्सूल या चार ठिकाणी प्रक्रिया केंद्रांचे नियोजन झाले. वर्गीकरणाची सवय काही वॉर्डांत रुजली. २०१९ मध्ये घरोघरचे संकलन खाजगी कंपनीकडे गेले. त्याने गाड्या नियमित झाल्या. पण मुकादम, स्वच्छता निरीक्षक व नागरिक यांच्यातील जुना ओळखीचा धागा तुटला.

सुरत आणि अहमदनगर : दोन तुलना

याच संदर्भात सुरतचा दाखला अपरिहार्य ठरतो. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त झाले. सकाळपासून दुपारपर्यंत सर्व वरिष्ठ अधिकारी क्षेत्रावर आणि दुपारनंतर एकत्र बैठक, असा परिपाठ त्यांनी घातला. त्यांच्या कडकपणाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. त्यामानाने कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की, त्यांनी आयुक्तांचे आर्थिक व प्रशासकीय अधिकार शहराच्या सहा विभागांच्या प्रमुखांना वाटून दिले. खड्डा बुजविण्यासाठी मुख्यालयाची वाट पाहावी लागेनाशी झाली. दोन-अडीच वर्षांनी राव गेले. सकाळच्या फेरीची रीत आणि विभागांचे अधिकार मागे राहिले.

दुसरा दाखला आपल्या शेजारचा. अनिलकुमार लखिना यांनी अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी असताना १९८० च्या दशकाच्या आरंभी कार्यालयीन कामाची जी घडी बसविली, ती 'लखिना पॅटर्न' म्हणून ओळखली जाते. जिल्हाधिकारी कार्यालय ही स्थानिक स्वराज्य संस्था नव्हे, हे मान्य. परंतु कर्मचारीवर्ग त्याच मातीतला आहे. अभिलेखांचे वर्गीकरण, निरुपयोगी कागद नष्ट करणे, प्रत्येकाची कर्तव्यसूची, अभ्यागताला कोणाकडे जावे हे कळेल अशी बैठकव्यवस्था, हे त्याचे भाग. आजही महाराष्ट्रातील कोणत्याही कार्यालयात तपासणीची चाहूल लागली की 'सहा गठ्ठे लावले का?' असा प्रश्न ऐकू येतो. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे कागद यांचे हे गठ्ठे होत. कारकुनाला त्यात शिक्षा दिसत नाही, सोय दिसते. त्याचे स्वतःचे टेबल मोकळे होते. बदली होऊन चार दशके लोटल्यानंतर ज्या अधिकाऱ्याचे नाव कनिष्ठ लिपिकाच्या तोंडी आहे, त्याची शैली एकाधिकारी होती की लोकशाही, हा वाद दुय्यम ठरतो.

राज्य शासनाने २००५ मध्ये बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम केला. त्यात सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा ठरविला आणि सर्वसाधारणपणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ राहू नये, असे बंधन घातले. २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम आला. कायद्याने नेत्याच्या मुदतीची आणि कर्मचाऱ्याच्या विलंबाची सांगड एकाच मजकुरात घातली, ही लक्षणीय गोष्ट होती. व्यवहारात आयुक्तांच्या बाबतीत तीन वर्षे हा नियम न राहता अपवाद झाला. औरंगाबाद महापालिकेने २०१६ ते २०१९ या चार वर्षांत ओमप्रकाश बकोरिया, दीपक मुगळीकर, निपुण विनायक आणि आस्तिककुमार पांडेय असे चार आयुक्त पाहिले, मधला प्रभारी काळ वेगळाच. प्रत्येक नवा प्रमुख विभागनिहाय सादरीकरण मागवितो. तेच आलेख, तीच माहिती, मुखपृष्ठावर नवे नाव. खातेप्रमुखांचे एक मोठे कौशल्य आपोआप सादरीकरणात खर्च होऊ लागते.

आस्थापना, रिक्त पदे आणि पाणी

नेतृत्वाच्या चर्चेत एक रुक्ष बाब विसरली जाते. राज्य शासनाने नागरी संस्थांच्या आस्थापना खर्चाला उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. उत्पन्न घटले की मर्यादा ओलांडली जाते आणि भरतीला मंजुरी मिळत नाही. औरंगाबादेत जकात जाऊन २०११ मध्ये स्थानिक संस्था कर आला. तोही व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर १ ऑगस्ट २०१५ पासून राज्यभर बहुतांशी रद्द झाला. २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या भरपाईवर भिस्त आली. स्वतःचा कर वसूल करणारी संस्था अनुदानाची वाट पाहणारी झाली. निवृत्त होणाऱ्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या, उरलेल्या एकेका माणसाकडे दोन-तीन टेबले आली. अशा माणसाला कोणत्याही शैलीचा नेता मिळाला तरी त्याचा दिवस चोवीस तासांचाच राहतो.

पाणीपुरवठ्याच्या बाबतीत तर कर्मचाऱ्याचा धनीच बदलून पाहण्यात आला. समांतर जलवाहिनी योजनेखाली १ सप्टेंबर २०१४ पासून शहराची पाणीव्यवस्था एका खाजगी कंपनीकडे गेली. २०१६ मध्ये करार रद्द होऊन ती पुन्हा महापालिकेकडे आली. दोन वर्षांत लाईनमनने दोन व्यवस्था पाहिल्या. जायकवाडीचे धरण शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर. तरीही नळाला दिवसाआड नव्हे, तर कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येत असे. जेथे वस्तू अपुरी असते तेथे ती वाटणाऱ्याच्या हातातील व्हॉल्व्हची चावी मोठी होते. त्याच्यावर देखरेख वाढवून अन्याय थोडा कमी होतो, पाणी वाढत नाही. पहाटे गुलमंडीच्या मागील गल्ल्यांत पाण्याची वेळ विचारायला माणसे लाईनमनच्या घरी जात. महापालिकेत कोणी जात नसे.

प्रशासकीय कालखंड, २०२० ते २०२६

निर्वाचित सभागृहाची मुदत २८ एप्रिल २०२० रोजी संपली आणि आयुक्त हेच प्रशासक झाले. कोविडच्या साथीत हे एकमुखी नेतृत्व उपयोगी पडले, हे नाकारता येणार नाही. निर्णय लवकर झाले. खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम याच काळात सुरू झाले आणि त्यात सफाई कर्मचारी, अभियंते, उद्योग व स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या. एखाद्या कामाला नाव, जागा आणि दर आठवड्याचा ठरलेला दिवस मिळाला की कर्मचारी त्यात आपलेपणाने येतो, हे तेथे दिसले. मात्र साथ ओसरल्यानंतरही निवडणूक झाली नाही. नगरसेवक नसल्यामुळे गुलमंडीतील दुकानदाराला तुंबलेल्या गटाराची तक्रार थेट वॉर्ड कार्यालयात न्यावी लागली. मधला दुवा गेल्यामुळे काहींना काम सोपे झाल्यासारखे वाटले. ज्यांची कोठे ओळख नव्हती त्यांना ते अवघड झाले.

जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. १९८२ ते १९८८ हा पहिला प्रशासकीय कालखंड आणि २०२० ते २०२६ हा दुसरा, दोन्ही जवळजवळ सारख्याच लांबीचे. पहिल्या कालखंडात कारकून म्हणून लागलेले बहुतेक जण आता निवृत्त झाले आहेत. दुसऱ्या कालखंडात रुजू झालेल्या कर्मचाऱ्यांनी तोपर्यंत सर्वसाधारण सभा भरलेली पाहिली नव्हती. प्रश्नोत्तरांसाठी टिपणी कशी तयार करायची, सभागृहात खातेप्रमुखाच्या मागे नस्ती घेऊन कसे बसायचे, हे त्यांना शिकविणारी जुनी माणसे प्रत्येक विभागात दोन-चारच उरली आहेत.